आत्माराम मास्तरांचा दम

ते दार जरा ओढून घ्या रे, खाडीवरचा वारा आत येतोय. हं. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नव्हे. आपल्या मांडवीतल्या विठू भाटकराची आहे, आणि जाण्याआधी त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहे. थांबत थांबत सांगितली, कारण तेव्हा एक वाक्य पुरं करण्याएवढा दमही त्याच्यात उरला नव्हता.

तारीखसुद्धा पक्की आहे. तेवीस नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी, शुक्रवार. लोक म्हणतात अमावास्या होती. नव्हती. ती आदल्या दिवशी झाली होती.

विठू बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. त्या दिवशी दुपारच्या चिपळूण गाडीत तो बसला तेव्हा त्याच्या मांडीवर काळी पेटी होती आणि पेटीत क्लॅरनेट. चिपळूणला गाडी बदलून पोफळीला जायचं, तिथे पॉवर हाऊसच्या वसाहतीत काशीराम पवार राहतो त्याच्या हातात पेटी द्यायची आणि पहाटेच्या गाडीने परतायचं. एवढंच काम.

ती क्लॅरनेट आत्माराम मास्तरांची. मास्तर इथलेच, पण उमेदीची वर्षं मुंबईत गेली. मोठ्या हॉटेलांत गोव्याच्या वादकांबरोबर ते जॅझ वाजवत. जॅझ म्हणजे कसं, कागदावरचं संपलं की पुढचं ज्याने त्याने आपल्या मनाने वाजवायचं, आणि तरी कुणी कुणाला सोडून जायचं नाही. पुढे ते दिवस सरले. मास्तर परत आले आणि एका खोलीत पोरांना शिकवू लागले. बायको नाही, पोर नाही. शिकवताना हाताने ताल द्यायचे नाहीत. शिकणाऱ्याच्या मागे उभे राहायचे आणि मोठ्याने दम आत ओढायचे... हऽऽ. तो ऐकला की सुरुवात करायची.

त्यांच्या शिष्यांत पहिला काशीराम, दुसरा विठू. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. काशीरामला पोफळीला नोकरी लागली, तो सुटीपुरता यायचा. विठू गावातच. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा सहा महिने त्यांचं सगळं त्यानेच केलं, अगदी गू-मूत काढण्यापासून. ते त्याचं कुणी नाकारत नाही. पण शेवटच्या रात्री मास्तरांनी पेटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ही काशीरामला दे."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

सकाळी माणसं जमली. कुणीतरी विचारलं, क्लॅरनेटचं काय? विठू म्हणाला, "मला दिली."

काशीराम तिसऱ्या दिवशी पोचला. त्याने ऐकून घेतलं, पेटीला हात लावून नमस्कार केला आणि आल्या पावली निघून गेला.

विठूचं नाव झालं. लांबलांबची लग्नं मिळू लागली. आणि त्याच वर्षी, गणपतीपुळ्याकडच्या एका वरातीत, त्याने क्लॅरनेट ओठांना लावली तेव्हा मानेमागे आवाज आला... हऽऽ. त्याने वळून बघितलं. मागे ढोलवाला तंबाखू मळत होता.

मग दर वरातीत. मग वाजवत नसतानाही. जेवायला बसताना, कूस बदलताना. आणि त्याची झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. दम आत ओढलेला ऐकू यायचा. सोडलेला कधीच नाही. दोन वर्षं कुणीतरी त्याच्या मागे उभं राहून नुसता दम भरून घेत होतं.

म्हणून तो निघाला होता.

पोफळीला उतरला तेव्हा पावणेआठ झाले होते. अंधाराची गोष्ट नाही ही, पोरांनो. वीज तिथेच तयार होते. वसाहतीच्या रस्त्यावर दिवे लख्ख. घराघरांतून रेडिओ चालू. विठूला बरं वाटलं. इतक्या उजेडात कोण येतंय, असं म्हणून तो चालू लागला.

पहिल्या दिव्याखाली... हऽऽ.

तो थांबला. रस्ता मोकळा होता. सावली एकच, त्याची.

दुसऱ्या दिव्याखाली पुन्हा. आता मानेमागे नाही. कानाशी.

तो पळाला नाही. पळालो तर आपल्याच धापेत ते ऐकू येणार नाही आणि मग ते कुठे आहे हे कळणार नाही, अशी भीती वाटली. असा तो काशीरामच्या जिन्यापर्यंत गेला. दुसऱ्या मजल्यावर दार वाजवलं.

काशीराम एकटाच होता, बायको माहेरी गेलेली. "विठू? तू हितं कसा? ये, बस."

विठूने पेटी टेबलावर ठेवली. रस्ताभर शब्द जुळवत आला होता. ऐन वेळी भलतंच बोलला. "तुझ्याकडे असूदे म्हटलं. मी नवी घेतली."

"मास्तरांनी तुला दिलेली ती."

"होय. पण मीच म्हटलं..."

काशीरामने पेटी जवळ ओढली. मग म्हणाला, "मी वाजवायचं सोडलं रे. तुला दिली असं कळलं त्या दिवशीच. पंधरा वर्षं शिकलो त्यांच्यापाशी. जाताना माझं नाव पण नाय घेतलं. म्हटलं, माझ्यातच काहीतरी कमी असणार."

बोलायची वेळ हीच होती. विठूला ते कळत होतं. तो गप्प राहिला.

काशीरामने पेटी उघडली. क्लॅरनेटचे तुकडे एकेक करून जोडले, सावकाश, आजारी माणसाला उठवून बसवावं तसे. रीड, म्हणजे तोंडाशी लावायची ती पातळ पट्टी, जिभेवर भिजवली. क्लॅरनेट ओठांपाशी नेली.

हऽऽ.

काशीरामने मान वर केली. "तू दम घेतलास?"

"नाय."

मग काशीरामने फुंकर घातली. एकच सूर. खालचा, सरळ. मास्तर पहिल्या दिवशी शिकवायचे तो. पंधरा-वीस मोजेपर्यंत चालला. काशीरामचा दम संपला. त्याने क्लॅरनेट खाली घेतली, मांडीवर ठेवली...

सूर चालूच होता.

विठूने दम घ्यायला तोंड उघडलं. आत काही आलं नाही. छाती हलेना. सूर चालू. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, कुणीतरी पिळून काढावं तशा. तेव्हा त्याला कळलं की तो सूर कुणाच्या दमावर चाललाय.

तो गुडघ्यांवर आला. काशीराम काहीतरी बोलत होता. ऐकू येत नव्हतं. सूर... नुसता सूर. डोळ्यांपुढे काळं. आत उरलं होतं ते एखाद्या वाक्यापुरतं.

"तुझं..." तो म्हणाला. "तुझंच नाव घेतलं होतं... मी खोटं बोललो."

सूर तुटला.

काही वेळ काहीच नाही. रेडिओसुद्धा नाही. मग दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दम सोडला. लांब. सावकाश. भिंतीवरचं कॅलेंडर हललं आणि थांबलं.

काशीरामने त्याला पाणी पाजलं, खाटेवर निजवलं. स्वतः रात्रभर खुर्चीत बसून राहिला, क्लॅरनेट मांडीवर घेऊन. पहाटे विठूला धरून स्टँडवर आणलं, गाडीत बसवलं. गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाला, "दोन वर्षं, विठू." आणि वळून गेला.

विठूने पुन्हा काही वाजवलं नाही. वाजवायचं सोडाच, देवापुढे दिवा लावल्यावर काडी फुंकून विझवणंही त्याला जमेना. छातीचे फोटो काढले, ते स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, काही दोष दिसत नाही. पुढच्या आषाढात तो गेला. शेवटपर्यंत पाठ भिंतीला टेकवून बसायचा, मागे कुणाला येऊ द्यायचा नाही.

काशीराम मात्र वाजवायला लागला. वसाहतीतल्या चार-पाच पोरांना शिकवतोही, अगदी मास्तरांसारखं, मागे उभं राहून. जाऊन बघायचं तर बघा, चांगला माणूस आहे. फक्त त्या खोलीच्या खिडकीबद्दल विचारू नका, तो बोलणार नाही. दुसरा मजला आहे. बाहेर गॅलरी नाही, झाड नाही, टाच टेकायला जागा नाही. आणि विठू गेला तेव्हापासून, पोरं शिकायला बसली की त्या काचेवर ताटलीएवढी वाफ धरते, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. काशीराम कधी कधी फडकं घेऊन उठतो. पण ती काचेच्या बाहेरच्या अंगाला असते, आतून पुसली जात नाही.

मे महिन्याच्या भर दुपारीसुद्धा धरते.