दहाच्या यादीतला अकरावा

दिवा राहू दे, पण मोबाइल खाली ठेवा आधी. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भाच्याची आहे.

गेल्या वर्षी, एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीचे पावणेअकरा. भाचा ऑफिसात एकटा. काम तसं साधं. त्यांच्या कंपनीचा गाणी ऐकवणारा नवा सर्व्हर सकाळी नऊला लोकांसाठी सुरू व्हायचा होता. त्याआधी प्लेलिस्ट नीट चालते का ते बघायचं, 'पास' लिहायचं आणि घरी जायचं. आधी दोनदा त्याने कामं अडवली होती, आणि दोन्ही वेळा चूक त्याचीच निघाली होती. "तिसऱ्यांदा अडवलंस तर घरी बस," असं साहेबांनी बजावलं होतं.

तपासायला गाणी नव्हती, दहा फायली होत्या. त्यांत एका बाईंचा आवाज. एक, दोन, तीन... क्रम चुकला की कानालाच कळावं, म्हणून. त्या बाई आधी ह्याच खुर्चीत बसायच्या. कुठलीही गोष्ट एकदा तपासून सोडायच्या नाहीत, म्हणून सगळे त्यांना पुन्हाबाई म्हणत. वारल्या त्याला आठ महिने झाले होते.

भाच्याने यादी लावली. आठ, नऊ, दहा... आणि मग, "अकरा."

घाबरला वगैरे नाही हं, वैतागला! फोल्डर उघडलं, फायली दहाच. यादी पुसली, नवी केली. "अकरा." प्रोग्रॅमरला झोपेतून उठवलं, तर तो म्हणतो, "अरे, माझ्याकडे दहाच वाजतायत. घरी जा आणि झोप." सर्व्हर बंद करून चालू केला. "अकरा." तेवढ्यात साहेबांचा फोन. "झालं का?"

"होतंय, साहेब," भाचा दातओठ खात म्हणाला.

साडेअकराला त्याने हात टेकले. मरू दे, म्हणून 'पास' लिहायला घेतलं. यादी बंद होती. हेडफोन टेबलावर पडलेले.

"अकरा."

हळू. अगदी कानाशी.

तो हलला नाही. मागे वळून बघायची हिंमत... नव्हती. मग, का कोण जाणे, त्याने स्वतःच्या मोबाइलमधलं एक गाणं यादीत टाकलं. अकरावं.

स्क्रीन कोरी. यादी साफ.

पुन्हा केलं. पुन्हा साफ. फायलीच दहा, त्यामुळे दहाच्या पुढे कुणी कधी तपासलंच नव्हतं. सकाळी लोकांनी हौसेने जमवलेल्या याद्या अशाच उडाल्या असत्या. भाच्याने 'नापास' लिहिलं.

सकाळी साहेबांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. मग स्वतः अकरावं गाणं टाकून बघितलं, आणि खुर्चीत बसले. भाच्याला घरी बसवायचं नाव कुणी काढलं नाही.

पण त्या फोल्डरमध्ये आता फायली अकरा आहेत. शेवटचीवर वेळ आहे त्याच रात्रीची, अकरा वाजून वीस मिनिटं. मला त्याने ती ऐकवली. बाईंचा आवाज स्वच्छ येतो. आणि त्याच्यामागे... कुणीतरी कीबोर्ड बडवतंय. शिव्या घालतंय.

भाच्याचा आवाज मी ओळखतो रे.