बोगद्यातली तहान

माझा मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. हे आधीच सांगते, कारण त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना मीही हसले होते.

हिवाळ्यातली संध्याकाळ. बंद पडलेल्या खाणीचं तोंड. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना.

त्या बोगद्यातून नारिंगी पाणी येतं. आतल्या दगडांतून, जुन्या कचऱ्यातून झिरपलेलं. आंबट, तांब्या-लोखंडाने भरलेलं. त्यात मासा जगत नाही. काठावर बेडूक नाही, रातकिडा नाही.

ते पाणी नदीला मिळण्याआधी त्याचा आंबटपणा मारायला चुना मिसळायचं काम मामा आणि त्याच्या जोडीदाराकडे होतं. जोडीदार अगदी काडीपैलवान, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणायचे.

"लोक माणसांना चुना लावतात, आपण पाण्याला लावतो," हा त्याचा ठरलेला विनोद.

खाण बंद करताना आतले पंप थांबवले आणि आत पाणी चढलं. काही कामगार वर आलेच नाहीत, असं वस्तीत बोलायचे. मालक म्हणायचे, सगळे आले.

त्या संध्याकाळी चुना ढवळणारं यंत्र आपोआप थांबलं.

सगळं चिडीचूप.

आणि बोगद्यातून आवाज आला...

खोकल्याचा.

"वारा असेल," मामा म्हणाला.

"वारा कधी खोकतो का रे?"

बोगद्याला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. आत जाणार कोण?

"पाणी... प्यायला पाणी द्या..."

मामा मागे सरकला. "पैलवान, चल इथून!"

पण पैलवान जिवाचा भोळा. "तहानलेल्याला नाही कसं म्हणायचं?" त्याने आपली बाटली घेतली आणि जाळीतून हात आत घातला.

बाटली आतून कुणीतरी अलगद घेतली...

पैलवानाने हात बाहेर काढला. कोपरापर्यंत नारिंगी.

"एक नाही रे," तो पुटपुटला. "खूप आहेत. दाटीवाटीने उभे आहेत."

मामा टॉर्च आणायला यंत्राच्या खोलीत धावला. परत आला, तर...

पैलवान नव्हता.

जाळी जशीच्या तशी. कुलूप बंद.

सकाळी जाळी कापून माणसं आत शिरली. गाळात अनवाणी पावलांचे ठसेच ठसे. त्यांच्या मधोमध एका बुटांच्या जोडीचे. सगळे आत गेलेले.

परतीचा एकही नाही.

पुढे खोल पाणी होतं. शोध तिथेच थांबला.

मामा पैलवानाच्या बायकोकडे गेला. खरं कोणत्या तोंडाने सांगणार?

"वहिनी, पाय घसरला त्याचा."

"खोटं बोलू नका, भावजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मगाशीच मागच्या दाराशी आले होते ते."

"काय?"

"म्हणाले, दार उघडू नकोस. माझ्या मागे सगळे आहेत."

मामाने ते काम सोडलं, गाव सोडलं. हळूहळू वस्तीही रिकामी झाली. पैलवानमामी मात्र तिथेच राहिल्या.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. भर दुपारी. घर लख्ख, नीटनेटकं. फक्त मागच्या दाराला कपाट सरकवून लावलेलं. बोलता बोलता मी मोठ्याने हसले, तसा त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू गं... आत्ताच दार वाजवायचे थांबलेत."

"कोण, मामी? पैलवानमामा येतात अजून?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ते नाही गं येत आता. बाकीचे येतात."

घरी आल्यावर मामाने विचारलं, "कशा आहेत वहिनी?"

"बऱ्या आहेत," मी म्हणाले.

दुसरं काय सांगणार होते?