सातवी वाटी

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत. रविवारी, भर दुपारी, तिच्या प्रयोगशाळेच्या तळघरात.

तिचं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कृत्रिम खुब्यात एक गोळा असतो आणि तो ज्यात फिरतो ती प्लास्टिकची वाटी. यंत्रावर अशा सहा जोड्या सेकंदाला एक पाऊल चालतात. माणसाचं वर्षभराचं चालणं बारा दिवसांत उरकतं. मग वाट्यांचं वजन करायचं. जितकं घटलं, तितकी झीज.

पण वाट्या द्रवात बुडालेल्या असतात. थोडा द्रव पितात, जड होतात. किती पितात ते कळावं म्हणून सातवी जोडी असते. तिच्यावर भार तेवढाच. पण ती जागची हलत नाही.

या वेळी नवा गोळा एक कमी पडला. भाचीनं सातव्या जोडीसाठी कपाटातला जुना घेतला. एका मेलेल्या माणसाच्या खुब्यातून अभ्यासासाठी काढलेला.

“अगं, वापरलेला आहे तो,” यंत्र सांभाळणारे मेकॅनिक काका म्हणाले.

“काका, त्याला कुठं चालायचंय? नुसतं बसून तर राहायचंय!”

तिला घाई होती. ही नव्या प्रकारची वाटी पास झाली की ती बसवायच्या पहिल्या रुग्णांत तिची आई होती. म्हणजे माझी थोरली बहीण. सहा महिने अंथरुणाला खिळलेली.

त्या रविवारी चाचणी संपली. भाचीनं यंत्र बंद केलं. सहाही गोळे थांबले.

आणि तरीही...

टक्... सर्र.

टक्... सर्र.

कुणी एक पाऊल टाकावं आणि दुसरं ओढत आणावं, तसं.

काकांनी भिंतीतला प्लग उपटला.

टक्... सर्र.

भाचीनं सातव्या जोडीवर तळवा ठेवला. जोडी हलत नव्हती. पण कोमट होती.

आवाज थांबला.

“पाण्याचा पाइप असेल,” काका म्हणाले. पण म्हणता म्हणता दारापर्यंत पोचले होते.

तिनं वजनं केली. सहाही वाट्या उत्तम.

सातवी जड व्हायला हवी होती...

हलकी झाली होती.

आत एका बाजूला खोल खड्डा. लंगडणाऱ्या माणसाची वाटी झिजते, तसा. वीसेक वर्षं चालल्यावर.

“सातवीचं सोडून दे,” काका दारातूनच म्हणाले. “आकडा मी सांगतो, लिहून टाक. आईचा विचार कर पोरी.”

आईचाच विचार करत ती कितीतरी वेळ पेन धरून बसली. अशीच वाटी आईच्या अंगात जाणार होती.

शेवटी तिनं लिहिलं : चाचणी रद्द.

ताई फोनवर भडकली. “सहाच्या सहा पास झाल्या ना? मग माझ्या पायानं तुझं काय घोडं मारलंय गं?”

 

आता नवी चाचणी चालू आहे. सातवीत कोराकरकरीत गोळा. ताई अजून अंथरुणातच. तो जुना गोळा परत कपाटात गेलाय. भाची रोज कपाटाला कान लावते. काही ऐकू येत नाही.

“झालं तर मग,” मी परवा म्हणालो. “सुटलीस.”

तिनं कपाटाला लावलेला कान काढला.

“मामा, तो इथं चालत होता तोवर बरं होतं. निदान कुठं आहे ते कळत तरी होतं.”