शेवटच्या पानाला कुंकू

पुस्तक निवडायची पाळी या वेळी पूनमची होती, आणि पूनमने भुतं आणली. तीही जपानी.

सोलापुरात सिद्धेश्वरीच्या घरी महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, वाचक मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे मोजकी टाळकी. सिद्धेश्वरी सात रस्त्याजवळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, पूनम औषधाच्या दुकानात बसायची, भारत एसटीत नोकरीला होता आणि त्याची बायको रुपाली घरीच शिवणकाम करायची. पुस्तकाची एकच प्रत सगळ्यांच्या घरी फिरायची. मग भवानी पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावर चहा-चिवड्याबरोबर ज्याने त्याने आपलं मत सांगायचं. मतं सांगताना आवाज इतके चढायचे की खालच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखटसुद्धा ऐकू येईनाशी व्हायची. तसं झालं की बैठक रंगली म्हणायची.

मंडळात एक न वाचणारी सभासदही होती, चंद्रव्वा आत्या. सिद्धेश्वरीची आई लहानपणीच गेली. तिला वाढवलं ते या आत्याने, दुधनीला. आत्याच्या यजमानांचं तिथं अडतीचं दुकान होतं. ते वारले तेव्हा सिद्धेश्वरी हट्टाने आत्याला सोलापूरला घेऊन आली. सिद्धेश्वरीचा नवरा मल्लिनाथ नोकरीसाठी पुण्याला, त्यामुळे घरात सोबतही झाली. आत्या आली खरी, पण रुळली नाही. दुधनीला एके काळी तिच्यावाचून कुणाकडचं हळदीकुंकू पार पडत नसे. आता नवरा गेलेल्या बाईला त्यासाठी कोण बोलावतंय? खालच्या मजल्यावरच्या बाया वर यायच्या, सिद्धेश्वरीला “संध्याकाळी या हं” म्हणायच्या आणि आत्याकडे बघून “बरं हाय न्हवं?” एवढंच विचारायच्या. आत्या “व्हय, व्हय” करायची आणि आत जाऊन उगाच पुसलेले डबे पुन्हा पुसत बसायची.

सिद्धेश्वरीचा जीव तुटायचा. तिने स्वतःही जाणं सोडलं, पण त्याने आत्याचं काय भलं होणार होतं!

“दिवाळी झाली की मी जाते बाई दुधनीला,” आत्या म्हणायची. “हितं मला बोलावणारं कोन हाय? राहून काय करू?”

दुधनीच्या घरात आता धूळ आणि रिकामे कोनाडे. तिथं ही एकटी जाऊन राहणार, या विचाराने सिद्धेश्वरीला घास गोड लागत नव्हता.

तर ती भुतं. पूनमने पुस्तक देताना बजावलं होतं, “ताई, हे उजवीकडून डावीकडे वाचायचं. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं.” जाडजूड संग्रह, सगळा चित्रांचा, काळ्या शाईचा, फुग्यांत इंग्रजी संवाद. सिद्धेश्वरीने शनिवारी भर दुपारी वाचायला घेतला आणि उन्हातही तिची पाचावर धारण बसली. शेवटची गोष्ट तर भलतीच. गावाच्या टोकाला एक घर, घरात एक बाई. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावते, आणि तिचा आवाज ऐकला की लोक पळत सुटतात. शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र होतं. रिकामी खोली, मधोमध ती बसलेली, तोंड आपल्याकडे आणि सगळे केस तोंडावर. ते पान मिटल्यावरही सिद्धेश्वरीला बराच वेळ वाटत होतं की पलीकडून कुणीतरी बघतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली तर आत्या कुंकवाचा करंडा घेऊन त्याच पुस्तकापुढे बसलेली.

ही आत्याची जुनी सवय. दुकानात नवी वही आली की पहिल्या पानाला हळदीकुंकू लागल्याशिवाय तिच्यात अक्षर पडायचं नाही. ते काम घरात आत्याचं. सोलापुरात वह्या नव्हत्या, म्हणून तिने मंडळाची पुस्तकं धरली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक. “कुंकू कुनी लावलं, हे पुस्तक थोडंच इचारतंय,” असं एकदा ती म्हणाली होती.

“अगं आत्या! ते शेवटचं पान आहे!”

“शेवटचं कसं? उघडलं की हेच आलं की.”

“आणि कोपऱ्यात लावतेस ना नेहमी? हे तर तिच्या केसांवर...”

“बाईमाणूस समोर बसलंय, तिला सोडून कागदाला लावू व्हय?” आत्याने बोट पदराला पुसलं आणि चित्राकडे मान वाकडी करून पाहिलं. “एकटीच बसलीय गं. कुनीच न्हाय तिच्याकडं.”

सिद्धेश्वरी पोट धरून हसली. मग पूनम काय म्हणेल या धास्तीने तिने ते कुंकू कापडाने हलकेच टिपलं. ते निघालं नाही. फिकटसुद्धा झालं नाही.

पुस्तक पुढे भारतकडे गेलं. भारत मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. भुताखेतांची त्याला लहानपणापासून सवय, असं तोच सांगायचा. त्याचा फोन आला.

“म्याडम, पुस्तक लई ब्येस! पन तुमी उगाच घाबरवलंत. शेवटची बाई तर चांगली केसं बांधून बसलीय की.”

“तुम्ही उलटं वाचलं असणार, भारत.”

“सुलटं वाचलं. मग उलटंबी वाचलं. दोनीकडनं बांधलेलीच हायत.”

सिद्धेश्वरीने मनात म्हटलं, वाचलं असेल वरवर, डोळा लागता लागता. पण त्या आठवड्यातच ब्लाऊज शिवायला टाकायला ती रुपालीकडे गेली. रुपाली मशीन थांबवून म्हणाली, “ताई, घर काय लख्ख ठेवलंय हो तिनं! दारात रांगोळीबी हाय.”

“जपानी बाई रांगोळी कशाला काढेल?”

“आता ते मला काय म्हाईत? ठिपक्यांची हाय. चुकलीय जराशी, पन नवीन हात दिसतोय, येईल.”

सिद्धेश्वरीने तिथेच पुस्तक मागितलं असतं, पण ते आदल्या दिवशीच पूनमकडे गेलं होतं. जाऊ दे, रविवार काही लांब नव्हता.

रविवारी बैठक भरली ती अशी भरली, की विचारू नका. मतांना उधाण आलं होतं. भारतचं म्हणणं, जपानी भुतांना कामधंदा नाही, आमच्याकडची भुतं निदान मेंढरं तरी पळवतात. रुपालीला विहिरीतल्या पोराची गोष्ट आवडली. तिने ती सगळी अभिनय करून दाखवली आणि भारतच्या बशीतला चहा त्याच्याच शर्टावर सांडला. आत्या हसता हसता डोळे पुसत होती. दुधनी सुटल्यापासून आत्या अशी हसलेली सिद्धेश्वरीने पाहिली नव्हती. तिला इतकं बरं वाटलं, की रोज भुतं आणावी लागली तरी आणू असं तिने ठरवून टाकलं.

शेवटी पाळी आली पूनमची. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती म्हणाली, “बाकीचं सगळं तुम्ही म्हणता तसंच. पण शेवटची गोष्ट मी आधी खूपदा वाचलीय. तेव्हा ती अशी नव्हती.”

खाली मागांची खटखट ऐकू आली.

सिद्धेश्वरीने पुस्तक ओढून घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. सगळे वाकून बघू लागले.

खोली तीच होती. पण मधोमध चटई अंथरलेली होती. बाई उठून उंबऱ्याशी आली होती. केस नीट मागे बांधलेले, चेहरा साधा, गोल, चाळिशीतला. एक हात पुढे, तळवा वर, “या” म्हणावं तसा. सगळं पान काळं-पांढरं, कपाळावरचं कुंकू तेवढं लाल.

“छपाईत बदलतात चित्रं,” भारत म्हणाला. “आमच्या तिकिटांवरबी...” पुढे काय म्हणायचं ते त्याला आठवेना.

आत्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. मग तिचा चेहरा असा उजळला, की जणू दिवाळी आजच आली.

“मला बोलावतीय गं ती,” आत्या म्हणाली. “कुंकू लावल्यालं कोन इसरंल? परतीचं बोलावनं हाय हे.”

निघताना पूनमने पुस्तक हातात घेतलं, आणि पुन्हा कॉटवर ठेवलं.

“राहू दे ताई इथंच,” ती म्हणाली.

आठवडाभर आत्या गुणगुणत होती. दुधनीचं नाव नाही. तिने ट्रंकेतून जांभळी इरकल साडी काढली, उन्हात घातली, घडी घालून गादीखाली ठेवली. सिद्धेश्वरीने पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं होतं. त्याला तिने हात लावला नाही. असतात म्हाताऱ्या माणसांचे खेळ, तिने स्वतःला सांगितलं, आणि खेळाने जर आत्या राहत असेल तर राहू दे खेळ.

शुक्रवारी चारच्या सुमाराला ती कॉलेजातून घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

“आत्या?”

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गच्चीत नव्हतं. गादीखाली इरकल नव्हती. खालच्या बायांनी आत्याला जिना उतरताना पाहिलं नव्हतं. ती धावत वर आली, मल्लिनाथला फोन लावायला बाहेरच्या खोलीत वळली.

मघाशी रिकाम्या दिसलेल्या कॉटवर आत्या बसलेली होती.

जांभळी इरकल, डोक्यावर पदर, अंबाड्यात पांढऱ्या फुलांचा गजरा. फुलं कसली ते सिद्धेश्वरीला ओळखता आलं नाही. मांडीवर पुस्तक, मिटलेलं.

आत्याच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, कुणीतरी बोटाने लावलेलं.

“कुठे गेली होतीस गं?” सिद्धेश्वरीने विचारलं.

“बोलावनं हुतं न्हवं! लई मानानं केलं बग तिनं. चटईवर बसवलं, ओटी भरली.” आत्याने पदराची गाठ सोडून दाखवली. आत ओले तांदूळ होते. “भाषा काय कळली न्हाय. पन बायकांना भाषा कशाला लागती?”

सिद्धेश्वरी तिच्याजवळ बसली. तिचा हात हातात घेतला. हात गार होता, नदीवरून आल्यासारखा, पण घट्ट होता. आत्याचाच होता. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

“आता मी काय जात न्हाय दुधनीला,” आत्या म्हणाली. “हितं माजं येनं-जानं सुरू झालं.”

“नको जाऊस, आत्या. मला एवढंच हवं होतं.”

“मग ऊठ की, बसलीस काय? मी तिला आपल्याकडं बोलावून आले. आजच ये म्हनलं. व्हय म्हनाली, घर आवरून मागोमाग निगते.”

सिद्धेश्वरीने आत्याच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं. शेवटचं पान उघडलं.

चित्रातल्या घराचं दार बाहेरून ओढून घेतलेलं होतं. कडीला कुलूप होतं.

ती उठली, पदर खोचला, चहाचं आधण ठेवलं आणि त्यात आणखी एक कप पाणी घातलं.