जांभळांसाठी गार खोली

अस्मिता शेजवळ कँटीनमध्ये माणूस शोधत होती. कोणीही चालला असता. फक्त तो कृषी अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला असावा आणि त्याचा ऐच्छिक विषय अजून ठरलेला नसावा, एवढीच काय ती अट. शीला मॅडमच्या 'विशेष विषया'ला पाच जण लागत होते आणि नावं झाली होती चार. संध्याकाळपर्यंत पाचवा मिळाला नाही, तर विषय बंद.

आणि विषय बंद होऊन तिला चालणार नव्हतं. मॅडमच्या नव्या संशोधन प्रकल्पात एकच जागा होती, आणि ती याच विषयात चांगलं काम करणाऱ्याला मिळणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. नाही मिळाली, तर पुढचं ठरलेलंच. बाबा अंबरनाथच्या ज्या कारखान्यात होते, तिथल्या ऑफिसात त्यांनी लेकीसाठी शब्द टाकून ठेवला होता. नोकरी काही वाईट नव्हती हो. पण दिवसभर बिलं टाइप करायला का कोणी इतकं शिकतं?

कोपऱ्यातल्या टेबलावर एक उंच मुलगा एकटाच मिसळ खात बसला होता. यंत्र विभागातला. ट्रॅक्टरखाली आडवा झालेला तो तिने दोन-तीनदा पाहिला होता, म्हणजे पाय तरी पाहिले होते. ती सरळ समोर जाऊन बसली.

"तुझा ऐच्छिक विषय ठरला?"

त्याने पावाचा तुकडा हातातच धरला. "नाही अजून. का?"

"विशेष विषय घे."

"म्हणजे कुठला?"

"यंदा जो आहे तो. दर वर्षी बदलतो. यंदा फळं तोडल्यावर ती कशी टिकवायची, ते आहे."

"मला ट्रॅक्टर कळतो," तो म्हणाला. "फळं मी फक्त खातो."

"मग आवडीचाच विषय झाला की."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल जरा जास्त वर जायचा. अस्मिताने ते पाहिलं आणि लगेच मिसळीकडे पाहिलं. त्याचं नाव सुजित म्हसकर, राहणार बेलवली, बदलापूर. संध्याकाळी त्याने नाव दिलं. का दिलं, ते तिने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं असतं की नाही, शंकाच आहे.

मॅडमनी गट पाडले आणि हे दोघं एकत्र आले. सुजितच्या घरामागे जांभळाची झाडं होती. जांभूळ हे नखऱ्याचं फळ, तोडलं की दुसऱ्या दिवशी रडायला लागतं. म्हणून दोघांनी गार खोली बांधायचं ठरवलं. खोली कसली, मोठा हौदच. विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, मधल्या फटीत वाळू. वाळूवर पाणी मारत राहायचं. ते वाळताना आतली हवा गार होते, माठात पाणी गार होतं तशी. विजेचा खर्च नाही. आत जांभळांचे क्रेट, वर ओलं गोणपाट.

अस्मिता विठ्ठलवाडीहून बेलवलीला येऊ लागली. विटा त्याने रचल्या, वाळू तिने चाळली. सुजितची आई, बकुळाकाकू, पहिल्या दिवशी ओसरीवरूनच बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अस्मिताला डोक्याला बांधायला आपला जुना स्कार्फ दिला, आणि आठवड्याने न विचारता तिचं ताट वाढायला लागल्या. हौद एव्हाना पूर्ण झाला होता, पण कामं काही संपत नव्हती. कधी सुजितला भिंत तपासायची असायची, कधी तिला वाळू. एकदा दोघं फुटलेली जांभळं वेगळी काढत बसले आणि निम्मी पोटात गेली.

"जीभ दाखव," तो म्हणाला.

"का?"

"रंग किती उतरतो ते बघायचंय. प्रयोग आहे."

"आधी तुझी."

दोघांच्याही जिभा जांभळ्याशार. ती हसली, तो बघत राहिला... मग उगाचच उठून वाळूवर पाणी मारायला गेला. वाळू आधीच ओलीचिंब होती.

पण हौद काही गार होईना. पुस्तकातला हौद कोरड्या हवेच्या गावचा होता. इथे मे अखेरचं बदलापूर, अंगावरचा घाम वाळत नाही तिथे वाळूतलं पाणी कुठलं वाळायला. आत-बाहेर जेमतेम चार-पाच अंशांचा फरक. जांभळं तिसऱ्या दिवशी मऊ पडायची. एका संध्याकाळी अस्मिता हौदाच्या कडेला बसली ती बोलेचना. बाबा दुपारीच म्हणाले होते, की ऑफिसातले साहेब विचारत होते, मुलगी कधी येते म्हणून.

"होईल गं. टेन्शन नको घेऊ," सुजित म्हणाला.

"काय होईल? हवा बदलणारेस तू?"

तो मऊ पडलेल्या जांभळांचा क्रेट उचलून ओसरीकडे गेला.

आणि दुसऱ्याच दिवसापासून हौद खरंच गार होऊ लागला. सकाळचे आकडे सुजित फोनवर कळवायचा, ते ऐकून अस्मिताचा जीव भांड्यात पडायचा. दुपारी ती स्वतः यायची तेव्हाही आत छान गारवा. जांभळं टणक. तिने बाबांना सांगून टाकलं, की साहेबांना नाही म्हणून कळवा.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी ती जरा लवकरच पोचली. सुजित घरात नव्हता. तिने आतला तापमापक पाहिला. बावीस. मग सवयीने भिंतीवरच्या दुसऱ्या तापमापकाकडे नजर गेली, त्याच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं होतं. पाणी वाळून हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, ते तो दाखवतो. त्याच्या खाली नुसत्या पाण्याने जाताच येत नाही. त्यावर सत्तावीस होते.

तिने कापड पुन्हा भिजवलं. थांबली. पुन्हा सत्तावीस.

एवढे दिवस आनंदाच्या भरात तिने तिकडे बघितलंच नव्हतं, तिने, वर्गात पहिली येणाऱ्या बाईने. तिने क्रेट उचलले. खाली भुशात गुंडाळलेला बर्फ होता.

सुजित पाण्याची बादली घेऊन आला आणि तिथेच थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू त्या दिवशी गप्प बसली होतीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून बर्फाची लादी आणतो पहाटे. बर्फवाला शेठ रोज विचारतो, किसकी शादी है."

ती हसली नाही. "माझं नाव आहे यावर, सुजित. घरी मी नोकरीला नाही म्हटलंय याच्या जिवावर."

"तुझा चेहरा बघवत नव्हता मला."

"मग नव्हतं बघायचं," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि त्याचा तिला आणखी राग आला. "मी रडले असते, चिडले असते, दुसरं काहीतरी शोधलं असतं. माझं मी निस्तरलं असतं. तू मला खोटं जिंकवायला निघालास."

खरं सांगायचं, तर घरी जाताना रिक्षात तिच्या मनात येऊन गेलं, की कळणार कोणाला? आकडे सुंदर होते. बर्फ संध्याकाळपर्यंत वितळून वाळूत जाणार होता. विठ्ठलवाडी येईपर्यंत ती त्या विचाराशी झगडत राहिली. मग रात्री जेवताना तिने बाबांना विचारलं, ते ऑफिसातले साहेब अजून थांबतील का.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने फक्त आधीचे आकडे मांडले. आमची खोली इथल्या दमट हवेत चालली नाही, असं सरळ सांगितलं. शीला मॅडमनी चष्मा वर केला आणि शेवटच्या आठवड्याचे आकडे कुठे आहेत, ते विचारलं. अस्मिताने तोंड उघडलं, पण त्याआधी मागून खुर्ची सरकली.

"ते मी बिघडवले, मॅडम," सुजित म्हणाला. "आत बर्फ ठेवला होता. हिला माहीत नव्हतं. हिनेच काल पकडलं."

मॅडमनी कसं पकडलं ते अस्मिताला विचारलं. तिने ओल्या कापडाचं सांगितलं, आणि आपण तिकडे बघायला उशीर केला, हेही सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग सुजितला म्हणाल्या, की तू या विषयात नापास, पुढच्या सत्रात दुसरा विषय घे. आणि अस्मिताला म्हणाल्या, की सोमवारपासून प्रकल्पावर ये, मला न चाललेली गोष्ट न चाललेली म्हणून सांगणारं माणूस हवंय.

अस्मिता बाहेर आली तेव्हा सुजित पायऱ्यांवर बसला होता. इतके दिवस ज्या जागेसाठी जीव टाकला ती मिळाली होती, आणि तिला आधी त्याच्याकडे यावंसं वाटलं होतं. स्वतःचाच राग आला तिला. ती त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली.

"माझा राग गेलेला नाही," तिने सांगून ठेवलं.

"माहितीये." त्याने खाली बघतच म्हटलं, "बर्फ टाकला त्याची माफी मागतो. पण ज्याच्यासाठी टाकला, त्याची नाही मागणार. तू मला आवडतेस, अस्मिता. त्या मिसळीच्या दिवसापासून."

एक गाडी आली, वळली, गेली.

"मलाही," ती म्हणाली. "पण... तुझ्या घरी? आम्ही कोण, काय, हे काकूंना—"

"आईला सांगून झालंय. ती म्हणाली, मुलगी खरं बोलणारी आहे, तुझ्यात तेवढंच कमी आहे."

अस्मिताला हसू आवरलं नाही. मग ती गंभीर झाली. "बाबांना मी सांगेन. पण सगळं सांगायचं. तू नापास झालास तेसुद्धा."

"तेसुद्धा?"

"तेच आधी," अस्मिता म्हणाली, आणि मधलं अंतर सोडून त्याच्याजवळ सरकून बसली.