रोजची बारा मिनिटं

मशीन परत न्यायला माणूस गुरुवारी येणार होता, म्हणून टाइमकीपरने सोमवारीच ते पुसायला घेतलं. बायको जाऊन पंधरवडा झाला होता. बसस्थानकावर बत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या या माणसाला कुठलंही काम आधीच उरकल्याशिवाय चैन पडत नसे. आता तर घर खायला उठत होतं.

प्राणवायूचं मशीन ते. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला साडेपंधरा तास, कमी नको. जेवणाला, अंघोळीला मधे बंद करावं लागे, म्हणून मशीनवरचा आकडाच धरायचा. रात्री झोपताना तो शून्य करायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी १५.३० दिसले की तिची नळी काढायची. नव्वद दिवस त्याने हे इमानेइतबारे केलं. एकदा मधेच ९.८५ दिसले, तेव्हा दोघं हसली होती. मिनिटं कधी पंच्याऐंशी असतात का? मशीनचं डोकं फिरलंय, असं ती म्हणाली होती.

त्याने वायर गुंडाळली, आकडा शून्य केला.

मंगळवारी दुपारी खिडकी उघडायला गेला, तर आकडा ०.२०. वायरची पिन जमिनीवर पडलेली. आकडे दिसायला आतला सेल पुरतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ते पुढे सरकायला मशीन चालावं लागतं. त्याने पुन्हा शून्य केलं. बुधवारी दुपारी पुन्हा ०.२०. वीस मिनिटं, त्याने वहीत लिहिलं. घरात विचारायला कुणी नव्हतं. कालच झटकून ठेवलेल्या तिच्या उशीवर खळगा पडला होता.

गुरुवारी दुपारी मशीनवाला आला. आकडा बघून म्हणाला, "बारा मिनिटं चालवलंत का, काका?"

"वीस."

"नाही हो. हे तासाचे शंभर भाग. पॉइंट वीस म्हणजे बारा मिनिटं. अर्ध्या तासाला पॉइंट पन्नास यायला हवेत."

टाइमकीपरने वहीतले वीस खोडले. जन्मभर त्याने साडेपंधरा १५.३० असेच लिहिले होते. म्हणजे तिला रोज बारा मिनिटं कमी मिळाली. नळी काढल्यावर ती धापा टाकायची, आणि हा शहाणा तिला सांगायचा, पुरते तास झालेत गं.

"मशीन राहू द्या," तो म्हणाला. "तिचं थोडं राहिलंय."

मशीनवाल्याने कागदावर सही घेतली आणि जरा घाईनेच जिना उतरला.

मग टाइमकीपर रोज दुपारी तिथे बसू लागला. मशीन मुकं असे, पिन जमिनीवर. त्याचा डोळा लागे आणि उघडला की ०.२० झालेले असत. आधी तो नुसती माफी मागे. हळूहळू गप्पाही मारू लागला, भाजीच्या, शेजारणीच्या. कॅलेंडरवर खुणा वाढत गेल्या, तसा तो उरलेले दिवस भीतीने मोजू लागला. नव्वद झाले की ती जाणार.

नव्वदाव्या दुपारी त्याने डोळे मिटू दिले नाहीत. छातीवर दडपण आलं होतं, दम पुरत नव्हता.

०.१९.

०.२०.

"फिटलं का गं आता?"

खोलीत काही हललं नाही. तो एकटा होता, आणि आता एकटाच राहणार होता. त्याला रडू फुटलं.

०.२१.

हळूहळू छाती हलकी झाली. श्वास मोकळा येऊ लागला. डोळे पुसायला त्याने हात वर नेला, तेव्हा बोटांना नळी लागली. दोन्ही कानांमागून ती नीट अडकवलेली होती.