काचेवरची तुळसा

देवीची पूजा आटपून तुळसा रिकामी टोपली कमरेवर घेऊन देवळाबाहेर आली, आणि उंबऱ्यावरच थबकली. समोर तीन काठ्यांवर एक लाकडी पेटी उभी होती. पेटीमागे काळं फडकं, आणि फडक्याखालून माणसाचे दोन पाय.

"कोन हाय रे तिथं?"

फडकं हललं. आतून एक तरुण बाहेर आला, घामाघूम, केस विस्कटलेले. तिला बाजूला व्हायला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पेटीत काच सरकवली, पितळेचं झाकण काढलं, थोडं थांबून पुन्हा लावलं. तुळसा तेवढा वेळ डोळे फाडून बघतच उभी होती.

"काय करतोस?"

"देवळाचा फोटो. सरकारी काम हाय." त्यानं खिशातून कागद काढून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, हे लक्षात आल्यावर ओशाळून परत ठेवला. "मी पंढरी. ठाकुर्लीजवळच्या गावचा, कामाला मुंबईत. आगरीच हाय, घाबरू नको."

"घाबरतंय कोन?" तुळसा म्हणाली. "पन ऐक. दाराचा काढ, भिंतीचा काढ. गाभाऱ्याचा नाय. माझा बाबा पुजारी हाय इथला."

"नाय काढनार."

"शपथ?"

"कुनाची घेऊ?" तो हसला. "तुझी घेतली तर चालंल?"

तुळसा पायऱ्या उतरली. खाडीवरून खारा वारा येत होता. तिचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. होडी उलटून गेला तो. त्यानंतर तिच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. कपाळ मोकळं असलेल्या बाईशी लोक हळू, जपून बोलतात. हा तसा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पंढरी देवळामागच्या चिंचेखाली तिची वाट बघत होता. त्यानं एक काच तिच्या हातात दिली. "उन्हाकडं धर."

काचेत एक बाई होती. तोंड काळंकुट्ट, केस पांढरेशुभ्र.

"ही कोन म्हातारी?" तुळसा खुदकन हसली.

"काचेवर सगळं उलटं उमटतं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. कागदावर सरळ होईल." त्यानं काचेवर बोट ठेवलं. "...तू हायस ती."

तिचं हसू विरलं. टोपली ओळखीची होती, दारही.

"मना विचारलंवतंस?"

"नाय."

"मी देवीसाठी तुझ्याकडनं शपथ मागते, आनि तू माझंच तोंड काचेत घालून नेतोस? माझ्या थोरल्या दिरानं, काळुरामानं, हे बघितलं तर काय म्हनंल? गाव काय म्हनंल? फोड ती."

पंढरीनं काच दगडावर नेली. हात वर झाला... तसाच राहिला.

"नाय फोडवत गं."

तुळसानं त्याच्याकडे बघितलं. राग होता, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी हलत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"मग लपवून ठेव. कुनाला दिसली तर मी मेले असं समज."

पण गोष्ट तिथं थांबायची नव्हती. ठाण्याच्या कचेरीतून श्रीपादराव नावाचे कारकून तट्टावरून आले. साहेबाला गाभाऱ्यातल्या देवीचाही फोटो हवा होता. आरशानं ऊन आत फेकलं की काम होईल, असं ते म्हणाले. बातमी मिठागरांपर्यंत गेली आणि सकाळी सगळं गाव देवळासमोर जमलं. बऱ्याच जणांच्या हातात काठ्या होत्या.

श्रीपादराव शांतपणे बोलले. "मागची भिंत खचली आहे, तुम्ही रोज बघता. उद्या देऊळ पडलं, तर कुठला दगड कुठे बसवायचा, हे सांगणारं काही उरायला नको का? देवीचं रूप चार लोकांना दिसलं, तर त्यात विटाळ कसला?"

तुळसाचा बाप धोंडीबा पायरीवर उभा होता. "भिंतीचा काढा, रावसाहेब. देवीचा नाय. मी पुजारी, पन आंघोळ केल्याबिगर मीसुद्धा आत पाय ठेवत नाय. तो कागद कुठं पडंल, त्याच्यावर कोन पाय देईल, हे तुमाला तरी ठावं हाय का?"

"बरोबर!" गर्दी गरजली.

तेवढ्यात गर्दीतली म्हातारी आवडाबाई म्हणाली, "माझं गुडघं गेलं रे धोंडीबा. मना आता पायऱ्या चढवत नाय. घरात तसबीर असती तर मी तिथनंच हात जोडलं असतं."

तिला कुणी गप्प केलं नाही. धोंडीबानं मान खाली घातली. "तुला पालखीत घालून आनीन मी, आवडाबाय. पन देवीला घरोघरी नाय पाठवनार."

"कशाला वाद घालता?" काळुराम काठी आपटत पुढं आला. "यानं देवीचा फोटो कवाच काढलाय! दाराशी पेटी लावलेली मी बघितली. विचारा त्याला!"

"दाराचा काढला," पंढरी म्हणाला.

"मग दाखव काचा!"

पंढरीनं पेटारा उघडला. एकेक काच उन्हाकडे धरली. शिखर, भिंत, खांब. लोक माना उंचावून बघत होते. बायकांच्या घोळक्यात तुळसा एकेक काच मोजत होती.

"अजून एक हाय," काळुराम म्हणाला. "सकाळी त्याला लपवताना बघितलं मी. त्याच्या कोटात बघा."

पंढरीनं कोटात हात घातला. काच बाहेर काढली. त्यानं तुळसाकडे बघितलंच नाही... आणि सगळ्यांच्या देखत ती काच पायरीवर आपटली.

एकच गिल्ला झाला.

"देवी फोडली!"

"धरा त्याला!"

काळुरामाची काठी वर गेली. पंढरी हललाही नाही. तुळसाला कळलं, हा मार खाईल, पण सांगणार नाही. तिनं बायकांना बाजूला सारलं.

"त्या काचेवर देवी नव्हती! मी होते."

काठ्या अधांतरी राहिल्या.

"मी दारात उभी होते, टोपली घेऊन. त्यानं माझा फोटो काढला. मीच म्हनले, फोड. म्हनून फोडली."

"खरं?" धोंडीबानं विचारलं.

"खरं हाय," पंढरी म्हणाला. "न विचारता काढला. चूक माझी. तिची नाय."

काळुरामानं खाली वाकून एक तुकडा उचलला आणि उन्हाकडे धरला. बराच वेळ तो बघत राहिला. तुकड्यात टोपली होती, आणि ती धरलेला एक हात. त्यानं तुकडा हळूच पायरीवर ठेवला आणि काठी खाली घेतली. तुळसाकडे न बघताच तो गर्दीतून निघून गेला.

श्रीपादरावांनी घसा साफ केला. "हे झालं तुमच्या घरचं. हुकमाचं काय? आरसा लाव, पंढरी."

"नाय लावनार, रावसाहेब."

"काम जाईल तुझं."

"जाऊ दे. एकदा न विचारता काढून बघितला. आता ही मानसं नाय म्हनतात, ते ऐकल्यावर माझा हात चालनार नाय."

श्रीपादराव गाभाऱ्याच्या दाराशी गेले. आत डोकावले. चपला बाहेर काढून, हात जोडून काही वेळ उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "आत फार अंधार आहे. फोटो येणार नाही, असं कळवतो. मागच्या भिंतीचे मात्र चांगले काढ. दुरुस्तीचं मी बघतो."

पंढरी गेला. गावातली कुजबुज मात्र गेली नाही. धोंडीबा लेकीशी बोलेना. ती वाढायची, तो खाली बघून जेवायचा. तुळसा दिवसभर मिठागरावर राबायची. सकाळी पाणी, दुपारी पांढरा चुरा, डोळे दिपवणारा. पंढरीची आठवण आली की ती फावडं आणखी जोरात ओढायची.

आणि एका दुपारी तोच बांधावरून चालत आला. कोट नाही, पेटी नाही, डोक्याला रुमाल.

"तुझ्या बाबाकडं चाललोय," तो म्हणाला. "पाटाचं, आपल्या लग्नाचं विचारायला."

तुळसानं फावडं खाली ठेवलं. "मग इथं कशाला थांबलास?"

"तिकडं नाय म्हनले, तर फार तर दोन काठ्या खाईन. तू नाय म्हनलीस... तर तिकडं जायचंच नाय मना."

"दिराचं काय?"

"काळुरामाला आधीच भेटलो. तो म्हनला, माझा भाऊ गेलाय, ती नाय गेली."

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं पुसलं. पदराला मीठ होतं, डोळे आणखीच चुरचुरले.

"मी मुंबईला येनार नाय."

"मुंबई सोडली. ठान्यात खोली बघितलीय. जे आपनहून येतील, त्यांचे फोटो काढीन."

"आनि कुनी आलंच नाय तर?"

"तर तुझ्याबरोबर मीठ ओढीन."

तिनं त्याच्या मऊ तळहातांकडे बघितलं. हे हात आणि मीठ! ओठांवर आलेलं हसू तिनं मोठ्या कष्टानं दाबलं.

"बाबा आता जेवायला घरी आला असंल," ती म्हणाली. "जेवल्यावर तो जरा मऊ असतो. जा... आनि ऐक."

"काय?"

"मी हो म्हनलेय, हे पहिलं सांग. मग बाकीचं."

पंढरी इतक्या घाईनं वळला, की बांधावरून त्याचा पाय घसरला आणि तो गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यात गेला. तुळसा मोठ्यानं हसली. पलीकडच्या मिठागरावरच्या बायका वळून बघायला लागल्या, तरी ती हसतच राहिली.